पांढऱ्या पेशींना सांगावा कोण धाडतो?

पोळ्याचा सण आटोपला की दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर जातात; नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. त्याच दिवशी नागपूर–इटारसी लोहमार्गावरील पांढुर्णा येथे, जाम नदीच्या दोन काठांवर, दोन गावे समोरासमोर उभी ठाकतात. एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर निशाण फडकत असते. आणि ते झाड काढून नेण्यासाठी एका बाजूने व ते राखण्यासाठी दुसऱ्या बाजूने गोटे चालू लागतात. हीच ती गोटमार. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा ह्यांच्या प्रेमाची करुण कथा ह्या प्रथेच्या मुळाशी सांगितली जाते. दिवस मावळेपर्यंत शेकडो माणसे जखमी झालेली असतात. कित्येक वर्षी माणसे प्राणासही मुकली आहेत.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठी बोलणारा टापू मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून एक निराळा जिल्हा झाला. राज्याची सीमा बदलली, जिल्ह्याचे नाव बदलले, पण गोटमार चालू राहिली. ह्या प्रथेची बरीवाईट चिकित्सा करणे हा आजच्या भाषणाचा विषय नाही. श्रोतेहो, मला तुमचे लक्ष वेधावयाचे आहे ते गोटमारीच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाकडे. त्या दिवशी नदीकाठी कोणी नसते. कपाळावर, खांद्यावर, पोटरीवर पट्टी बांधून माणसे घरोघर पडून असतात, आणि खरी लढाई तेव्हा त्यांच्या शरीराच्या आत चाललेली असते.

धोंड्याने कातडी फाटली की नदीची माती आणि तीतील जंतू आत शिरतात. काही तासांतच जखमेची कड लाल होते, गरम लागते, सुजते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून आलेल्या असतात. जंतूंना गिळणे हे त्यांचे काम. ते करता करता त्या स्वतः मरतात, आणि ज्याला आपण पू म्हणतो तो बव्हंशी ह्या मेलेल्या पेशींचाच झालेला असतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारणपणे ४,००० ते ११,००० असतात. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या ज्या पेशी जखमेत प्रथम पोहोचतात, त्यांचे रक्तातील आयुष्य जेमतेम काही तासांचे ते एखाद्या दिवसाचे. म्हणून हाडांच्या पोकळीतील मज्जेला त्या नित्य नव्याने घडवाव्या लागतात. दररोज सुमारे दहा हजार कोटी. आणि शरीरात जंतूंचा शिरकाव झाला की हा आकडा कैक पटींनी वाढतो.

आता एक साधा प्रश्न विचारू या. घाव पडला पोटरीला. मज्जा आहे कमरेच्या, फासळ्यांच्या, छातीच्या हाडात. पोटरीला माणसे कमी पडत आहेत हे त्या मज्जेला कळते कसे? तिला सांगावा कोण धाडतो? ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे प्रथम ठासून सांगितले एली मेचनिकॉफ ह्या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर काट्याभोवती हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला. ह्या शोधास १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल एर्लिख हा त्यात त्याचा वाटेकरी होता. पेशी रंगवून त्यांच्या जाती ओळखण्याची विद्या एर्लिखने आणली. न्यूट्रोफिल हे नावही त्या रंगविद्येतूनच आलेले.

मेचनिकॉफचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला आणि पुढे त्याच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेलेला एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा हाफकिन ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपुऱ्या जागेत लस तयार करावयास बसला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये नांदत आलेली संस्था १९२५ पासून त्याचेच नाव चालविते. शरीरास आधी सूचना दिली तर ते पुढील हल्ल्यास तयार राहते, हा धडा मुंबईने अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवला. मात्र ती सूचना पेशींपेशींत कोणत्या भाषेत फिरते, हे हाफकिनलाही ठाऊक नव्हते आणि मेचनिकॉफलाही.

रक्त हाडांच्या मज्जेत घडते हे अर्न्स्ट नॉयमन ह्या जर्मन वैद्याने १८६८ साली दाखविले होते. तेव्हा शिपाई ठाऊक झाले होते, छावणीही ठाऊक झाली होती. अज्ञात होता तो जासूद.

त्याला पकडावयाचे तर पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढविता आल्या पाहिजेत. शरीराच्या आत हजार गोष्टी एकाच वेळी चालतात. त्यांत कोणती कशामुळे घडली हे सांगता येत नाही. परंतु येथेच अडचण होती. बाल्टिमोर येथे जॉर्ज गे ह्यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी काचेत अखंड वाढत ठेवल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ह्याच गे ह्यांच्याकडे पुण्याच्या एक विदुषी हे तंत्र शिकावयास गेल्या. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यास जन्मलेल्या कमलताईंनी डॉ. वसंत खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ह्या प्रकारची ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते. जिवंत पेशी शरीराबाहेर जोपासणे, त्यांना ठरावीक उष्णता देणे, त्यांचे अन्न वेळच्या वेळी बदलणे, एखाद्या जंतूचाही स्पर्श होऊ न देणे हे सारे बाळंतिणीच्या खोलीइतके जपावयाचे काम. ते मराठी मुलुखात रुजविण्याचे श्रेय कमलताईंकडे जाते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

ह्या संवर्धनाने एक विलक्षण गोष्ट दृष्टीस आणली. कर्करोगाची पेशी काचेत खुशाल वाढते. निरोगी पांढरी पेशी मात्र उत्तम अन्न देऊनही थोड्या दिवसांत मरते. असे का व्हावे? आज मागे वळून पाहता उत्तर सोपे वाटते. निरोगी पेशी आज्ञाधारक असते. वाढ, असा सांगावा आल्यावाचून ती वाढत नाही. कर्करोगाची पेशी सांगाव्याची वाट पाहत नाही. तोच तिचा रोग. तथापि हे समजण्यापूर्वी तीन अपघात घडावे लागले. आणि ह्या इतिहासातील मौज अशी, की तिन्ही वेळा संशोधक शोधावयास गेले एक आणि त्यांच्या हाती लागले दुसरेच.

पहिला अपघात आपल्या स्वयंपाकघराजवळचा आहे. राजमा आपणा सर्वांस ठाऊक आहे. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा त्याच्याच जातकुळीतला. राजमा कच्चा वा अर्धवट शिजलेला खाल्ला तर पोटास बाधतो, म्हणून घरची माणसे तो रात्रभर भिजवून चांगला उकळतात. हा बाधणारा पदार्थ म्हणजे त्यातील एक प्रथिन. ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते, म्हणून रक्तातून तांबड्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी प्रयोगशाळेत राजम्याचा अर्क वापरीत. १९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल हा वैद्य ह्याच कामासाठी तो अर्क वापरीत होता. उरलेल्या पांढऱ्या पेशी त्याने काही दिवसांनी पाहिल्या, तो त्या विभागत होत्या! रक्तातील लसीकापेशी ह्या पूर्ण वाढलेल्या, पुढे कधी न विभागणाऱ्या पेशी होत, असे तोवर सर्वांनी धरले होते. त्या राजम्याच्या अर्काने जाग्या झाल्या. पाच वर्षांनी, १९६५ साली, मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी दोन निरनिराळ्या माणसांच्या पांढऱ्या पेशी एकत्र वाढविल्या, आणि त्या पेशी ज्या पाण्यात वाढल्या होत्या ते निथळलेले पाणी नव्या पेशींवर घातले. त्या पेशीही विभागू लागल्या. ह्याचा अर्थ असा, की जाग्या झालेल्या पेशी स्वतःच काहीतरी पाण्यात सोडीत होत्या. सांगावा पाण्यातून जात होता.

दुसरा अपघात ऑस्ट्रेलियात घडला. मेलबोर्नचा रे ब्रॅडली हा संशोधक उंदरांच्या रक्तकर्काच्या पेशी आगरमध्ये वाढविण्याच्या खटपटीत होता. आगर म्हणजे आपल्या घरी खीर थिजविण्यासाठी आणतात ते चायना ग्रास. ते विरघळवून थंड केले की खळीसारखे थिजते, आणि त्यात मिसळलेली प्रत्येक पेशी जागच्या जागी अडकून राहते. ती विभागली तर तिची पिल्ले तिच्याभोवतीच जमतात व एक पुंजका होतो. त्याला वसाहत म्हणावयाचे. ब्रॅडलीला हव्या होत्या कर्करोगी पेशींच्या वसाहती. त्याला दिसल्या निरोगी मज्जेच्या! कोणी दुसरा असता तर प्रयोग बिघडला म्हणून ती बशी धुवून टाकता. ब्रॅडली ती घेऊन डोनल्ड मेटकाफकडे गेला. १९६६ साली दोघांनी मिळून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. विशेष हे, की त्याच सुमारास इस्राएलमधील वाइझमन संस्थेत लिओ साक्स आणि त्याचे सहकारी स्वतंत्रपणे ह्याच निष्कर्षावर येऊन पोहोचले होते.

ह्या बशीने प्रथमच प्रश्न मोजण्याजोगा केला. मज्जेच्या पेशी नुसत्या आगरमध्ये ठेवल्या तर वसाहत होत नसे. खालच्या थरात दुसऱ्या काही पेशी ठेवल्या, किंवा त्या पेशींचे निथळलेले पाणी घातले, तरच होत असे. पाणी थोडे घातले तर वसाहती थोड्या, अधिक घातले तर अधिक. म्हणजे वसाहती मोजल्या की सांगावा किती तीव्र आहे ते कळे. माणसाच्या मूत्रातही हा पदार्थ सापडला. त्याला नाव मिळाले वसाहत-उत्तेजक घटक.

नाव देणे सोपे. वस्तू हाती येणे कठीण. हा पदार्थ शरीरात इतका अल्प असतो की त्याचा नुसता मागमूस लागावा म्हणून वर्षे गेली. मेटकाफ आणि त्याचे सहकारी उंदरांच्या फुफ्फुसांचे निथळलेले पाणी गाळीत, शुद्ध करीत, पुन्हा मोजीत बसले. १९७७ साली त्यांच्या हाती जो घटक शुद्ध रूपात आला त्यामुळे न्यूट्रोफिल आणि महाभक्षक अशा दोन्ही जातींच्या पेशी वाढत. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना केवळ महाभक्षक पेशी वाढविणारा घटक शुद्ध करता आला. केवळ न्यूट्रोफिल वाढविणारा घटक मेलबोर्न येथेच १९८३ साली सापडला. मानवातील तोच घटक १९८५ साली कार्ल वेल्टे ह्याने न्यूयॉर्क येथे शुद्ध केला. चौथा घटक अनेक जातींच्या पेशींना एकदम चेतविणारा. त्याला पुढे इंटरल्युकिन-३ असे नाव रूढ झाले. एका प्रश्नाची चार उत्तरे मिळाली. शरीर एकच हाक सर्वांना मारीत नाही. ज्याची गरज त्यालाच बोलावते, हे त्यातून कळले.

तिसरा अपघात अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत घडला. तेथे रॉबर्ट गॅलोच्या प्रयोगशाळेत डोरिस मॉर्गन आणि फ्रान्सिस रसेटी हे दोघे रक्तकर्काच्या पेशी वाढविण्याच्या प्रयत्नात होते. त्यांनी राजम्याच्या अर्काने चेतविलेल्या पेशींचे निथळलेले पाणी त्यांवर घातले. वाढल्या त्या कर्करोगी पेशी नव्हेत, तर निरोगी टी-पेशी. विषाणूंनी पछाडलेल्या पेशी ओळखून मारणे, इतर पेशींना मदत करणे ही टी-पेशींची कामे. त्या इतके दिवस काचेत जिवंत ठेवणे तोवर कोणासही साधले नव्हते. १९७६ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले. १९७९ साली स्वित्झर्लंडमधील एर्मातिंगेन गावी भरलेल्या परिषदेत ह्या पदार्थांना इंटरल्युकिन, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आपापसांतील जासूद, असे नाव ठरले, आणि टी-पेशी वाढविणारा घटक इंटरल्युकिन-२ झाला. १९८३ साली जपानच्या तादात्सुगु तानिगुची ह्याने त्याचे जनुक वेगळे काढले.

ह्या वरवर कोरड्या वाटणाऱ्या शोधाचे मोल जगाला त्याच वर्षी कळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, म्हणजे मेचनिकॉफ आणि हाफकिन ह्यांच्याच संस्थेत, फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक मॉन्तान्ये ह्यांनी एका अज्ञात रोगाच्या रुग्णाच्या गाठीतील टी-पेशी इंटरल्युकिन-२ च्या आधाराने काचेत वाढविल्या, आणि त्या पेशींत त्यांना एड्सचा विषाणू सापडला. टी-पेशी जिवंत ठेवण्याची विद्या सात वर्षांपूर्वी गवसली नसती तर हा विषाणू ज्या पेशींत राहतो व ज्यांना मारतो त्या पेशी शास्त्रज्ञांच्या हातून आधीच मेल्या असत्या. रक्ततपासणी, औषधे, पुण्यास १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ही सर्व पुढची वाट त्या शोधातून निघाली.

आता रुग्णशय्येकडे वळू. कर्करोगावरील औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. मज्जेतील पेशीही झपाट्याने वाढणाऱ्या. त्याही त्या तडाख्यात सापडतात. औषध दिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूट्रोफिलांची संख्या कधी कधी घन मिलिमीटरला ५०० च्याही खाली उतरते. अशा वेळी साधा ताप हा ताप राहत नाही, यमदूत होतो. कर्करोग आटोक्यात येत असता रुग्ण फुफ्फुसदाहाने किंवा रक्तात जंतू पसरून दगावला, हे दुःख अनेक कुटुंबांनी भोगले आहे. १९८६ साली न्यूट्रोफिल वाढविणाऱ्या मानवी घटकाचे जनुक जपानी व अमेरिकन संशोधकांनी वेगवेगळे हस्तगत केले. ते एका साध्या जंतूत घालून त्याच्याकडून हे प्रथिन हवे तेवढे करून घेता येऊ लागले, आणि १९९१ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. आज भारतीय कंपन्याही ते बनवितात. सावरगावचा एखादा शेतकरी नागपूरच्या रुग्णालयात रसायनोपचार घेऊन आल्यावर त्याच्या पोटाच्या कातडीखाली जी छोटी सुई टोचली जाते, ती बहुधा ह्याच औषधाची असते. साठ किलो वजनाच्या माणसास त्याची रोजची मात्रा सुमारे ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढी. एवढ्या कणाने मज्जेला सांगावा पोहोचतो आणि काही दिवसांत रक्तातील संख्या वर येऊ लागते.

स्वीडनमधील वैद्य रोल्फ कोस्टमन ह्याने १९५० च्या दशकात काही कुटुंबांतील अशा बालकांचे वर्णन केले होते, की ज्यांच्या रक्तात जन्मतःच न्यूट्रोफिल जवळजवळ नसत. ती बहुधा तान्हेपणीच जात. १९८९ साली अशा मुलांना हा घटक देण्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल दिसू लागले. पुढे ह्या रोगाची बहुतेक मुले वाढून मोठी होऊ लागली. आणखी एक अनपेक्षित लाभ १९८८ साली दिसला. हे औषध दिल्यावर मज्जेतील मूळपेशी रक्तात उतरतात. म्हणून आता मज्जा दान करणाऱ्यास पुष्कळदा कमरेच्या हाडाला सुई टोचून घ्यावी लागत नाही. चार-पाच दिवस औषध घेऊन तो हातातून रक्त देतो, यंत्र त्यातील मूळपेशी वेगळ्या काढते, आणि उरलेले रक्त त्यास परत मिळते.

हे सर्व ऐकून कोणाच्याही मनात येईल, की मग ही प्रतिकारशक्ती वाढविणारी प्रथिने सर्वांनाच का देऊ नयेत? बाजारात प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली चूर्णे, काढे, गोळ्या ह्यांची रेलचेल आहेच. येथे इतिहासाने दिलेला दुसरा धडा ध्यानात घेतला पाहिजे, आणि तो पहिल्याहून अधिक मोलाचा आहे.

इंटरल्युकिन-२ हाती आल्यावर अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग ह्याने ते मोठ्या प्रमाणात कर्करोग्यांस दिले. १९८४ साली एका स्त्रीचा सर्वत्र पसरलेला कर्करोग त्याने विरून गेला, आणि १९९२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी ते औषध मान्य झाले. परंतु मोठ्या मात्रेत तेच प्रथिन रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपवते, रक्तदाब कोसळवते, फुफ्फुसे पाण्याने भरते. उपचारच जिवावर बेतू शकतो. ह्याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. ज्या उंदरांत इंटरल्युकिन-२ मुळीच तयार होत नाही ते दुबळे पडतील अशी अपेक्षा होती. १९९३ साली पाहिले तर त्यांची प्रतिकारशक्ती उलट बेफाम होऊन त्यांच्याच आतड्यांवर तुटून पडली होती. ह्याचा उलगडा जपानच्या शिमोन साकागुची ह्याने १९९५ साली केला. टी-पेशींत काही पेशी लढणाऱ्या नसून आवरणाऱ्या असतात, आणि त्यांना इंटरल्युकिन-२ ची गरज सर्वांत अधिक असते. जो जासूद सैन्यास चढाईचा सांगावा देतो तोच लगाम धरणाऱ्यांनाही जागे ठेवतो. ह्या शोधमालिकेबद्दल २०२५ सालचे नोबेल पारितोषिक साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांना मिळाले.

ह्याच मार्गावरचे एक पाऊल आपल्या पुण्यातही पडले आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. कमलताईंनी मुंबईस लावलेले ऊतिसंवर्धनाचे रोप येथे आता वृक्ष झाले आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना संवर्धित पेशी येथून पुरविल्या जातात. तेथे डॉ. मोहन वाणी ह्यांनी इंटरल्युकिन-३ कडे एका निराळ्या बाजूने पाहिले. हाडे नित्य घडतात आणि नित्य खरवडलीही जातात. खरवडणाऱ्या पेशी मज्जेतील त्याच घराण्यातून येतात ज्यातून महाभक्षक पेशी येतात. संधिवातात व हाडे ठिसूळ करणाऱ्या रोगांत ह्या खरवडणाऱ्या पेशींचा उपद्रव वाढतो. वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले, की इंटरल्युकिन-३ दिले तर उंदरांतील ह्या होऊ घातलेल्या पेशी हाड खरवडण्याची वाट सोडतात आणि महाभक्षक पेशींच्या वाटेस लागतात, व एकदा वळल्या की पुन्हा माघारी येत नाहीत. पुढे मानवी पेशींवरही हाड खरवडण्याची क्रिया त्याने मंदावते असे त्यांना आढळले. हे अद्याप औषध झालेले नाही. पण जो सांगावा वाढविणारा म्हणून ओळखला गेला होता, तो वळविणाराही आहे, हे ज्ञान पुण्यातून जगास मिळाले.

तेव्हा प्रतिकारशक्ती ही काही पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरावी तितकी बरी. ती एक बोलाचाल आहे. योग्य वेळी, योग्य पेशीस, योग्य मापाने सांगावा जाणे आणि काम होताच तो थांबणे, ह्या दोन्हींनी मिळून आरोग्य होते. गोटमारीत जखमी झालेल्या तरुणाची सूज सातव्या-आठव्या दिवशी उतरते, ती शरीर दमले म्हणून उतरत नाही. जंतू संपले, सांगावा बंद झाला, म्हणून उतरते. तो चालूच राहता तर बरी होत आलेली जखमही पोखरली गेली असती.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९६६ साली बशीत वसाहती मोजल्या गेल्या आणि १९९१ साली औषध आले. मध्ये पंचवीस वर्षे गेली. ह्या काळात मेटकाफच्या हाती दाखविण्यासारखे होते ते केवळ आगरमधील ठिपके आणि त्यांचे आकडे. १९५४ साली व्हिक्टोरिया प्रांतातील कर्करोगविरोधी मंडळाने त्याला कार्डन अधिछात्रवृत्ती दिली. २०१४ साली तो वारला तोवर साठ वर्षे ती त्याच्या नावे चालू होती. औषध कधी, असा तगादा त्या मंडळाने लावला असता तर पहिली दहा-पंधरा वर्षे त्याला देण्याजोगे उत्तर नव्हते. मंडळाने वाट पाहिली. जे अपेक्षिले नव्हते ते बशीत दिसल्यावर ती बशी न धुणारा संशोधक, आणि त्याच्या ठिपक्यांसाठी पंचवीस वर्षे धीर धरणारा समाज, ह्या दोघांची गाठ पडली म्हणून आज नागपूरच्या रुग्णालयातून सावरगावचा शेतकरी ताप न येता घरी परत जाऊ शकतो. आपल्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत आज जे तरुण असेच ठिपके मोजीत बसले असतील, त्यांना उपयोग काय, असे विचारण्याची घाई आपण करू नये.